आईचं डोकं एकदम भयंकर दुखलं, आज जरा बरंय, सोमवारपर्यंत थांबू का?

सातारची_लेक: आई ५४ ची, बीपीची गोळी चालू आहे पण मधेमधे विसरते. काल दुपारी कपडे वाळत घालताना अचानक डोकं दुखलं, असं जन्मात कधी दुखलं नव्हतं म्हणाली, उलट्या झाल्या मग झोपून राहिली. आज दुखणं कमी आहे पण मान आखडलीय आणि उजेड नको वाटतोय. उपवास होता म्हणून घरचे म्हणतायत पित्त झालंय. मामा मेंदूतली नस फुटून गेला म्हणून मला धास्ती वाटतेय. फॅमिली डॉक्टर सोमवारी आहेत.

न्यूरोवॉर्ड_सिस्टर: ताई सोमवार नको, आत्ता निघा!! पित्ताचं, मायग्रेनचं डोकं बहुतेक हळूहळू चढतं. मेंदूत रक्तस्राव झाला तर ते मिनिटभरात शिगेला पोचतं आणि पेशंट नेमकं तुमच्या आईसारखंच सांगतो. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा थोडा गळला की दुखणं ओसरूही शकतं पण धोका टळत नाही, पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त. ॲस्पिरिन, डिस्प्रिन अजिबात देऊ नका.

विदर्भ_७९: माझ्या बहिणीचं डोकं फार दुखलंच नाही, एका डोळ्याची पापणी खाली आली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि एकाचे दोन दिसायला लागले. डोळ्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी अँजिओग्राफीला (रक्तवाहिन्यांच्या तपासणीला) पाठवलं, फुगा डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबत होता. फुटायच्या आधी कॉइलिंग (फुग्यात बारीक तार भरून तो बंद करणं) झालं. आईची पापणी, बाहुली नीट बघा.

सातारची_लेक: पापणी ठीक वाटतेय. पण डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला तर घरी आणायचं ना?

न्यूरोवॉर्ड_सिस्टर: लगेच नाही. साधा सीटी पहिल्या ६ तासांत सगळ्यात भरवशाचा, आता कालची गोष्ट झाली. म्हणून दुखणं कधी सुरू झालं ती वेळ आणि मामांचं, दोन्ही न विचारता सांगा, मग डॉक्टर रक्त आहे का बघायला पाठीतलं पाणी काढायचं की सीटी अँजिओग्राफी ते ठरवतील. आणि आईला खरंच फुगा निघाला तर मावशींनाही तपासायला सांगा, त्यांची दोन सख्खी भावंडं झाली ना, आणि तंबाखू, मिश्री असेल तर बंद.

सातारची_लेक: मावशी मिश्री लावते. निघतोय, रिक्षा बोलावलीय.

न्यूरोवॉर्ड_सिस्टर: रिक्षा नको, १०८ ला फोन करा, जिना चालत उतरू देऊ नका. सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथेच न्या, गोळ्यांची चिठ्ठी घ्या.