विषय: तेलाचं ताक झालंय, हेड गास्केट गेलं का?

प्रेषक: सडबरीकर

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या तिळगुळाच्या मेलांमध्ये हे घुसडायला नको, म्हणून वेगळा विषय काढतोय. गेल्या वर्षी मी बर्फावर चालणारी एक जुनी फोर-स्ट्रोक स्नोमोबील घेतली. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकाच्या मुलांनी तिच्यावर बसून फोटो काढलेत, त्यामुळे ओळख करून द्यायला नको. काल तेल मापायची डिपस्टिक काढली तर टोकाला पिवळट-पांढरा फेस. तेलाच्या झाकणाच्या आतही तोच, अगदी लोणी काढायच्या आधीच्या ताकासारखा. इथल्या एका दुकानात फोटो दाखवला. तिथला माणूस म्हणाला, हेड गास्केट गेलं (इंजिनातलं पाणी तेलात जाऊ न देणारं पॅकिंग), अठराशे डॉलर.

मी हयगय केलेली नाही. डिसेंबरपासून दर रविवारी शेडमध्ये न चुकता पाच-सात मिनिटं चालू करतो. दोनदा तेल कमी दिसलं, ते भरलंही. एवढं करून हे असं?

---

प्रेषक: थंडर बे

अरे, दर रविवारी चालू करतोस तिथंच घोळ आहे.

ही आपली पुण्याची सवय. पावसाळ्यात स्कूटर बंद पडू नये म्हणून बाबा रोज दोन किका मारून ठेवायचे, तेच आपण इथे उणे पंचवीसमध्ये करतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभरच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरंचसं सायलेन्सरमधून बाहेर जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरते. इंजिन तापलेलं असेल तर ती ब्रीदरमधून (हवा सोडायच्या नळीतून) निघून जाते. पाच मिनिटांत तुझं इंजिन कोमटसुद्धा होत नाही. काट्यावर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तापलेलं दिसलं तरी तेल त्याच्या बरंच मागे असतं. मग वाफ तेलाच्या थंडगार टाकीच्या भिंतीवर दव धरते आणि तेलात घुसळली जाते. असे सहा-सात रविवार झाले की ताक.

गास्केटचा निकाल घरीच लाव. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मार, इंजिन गार असताना. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ आलाय का बघ. रेघ हलली नाही, ओघळ नाही, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही, तर अठराशे डॉलर खिशातच ठेव. (वासच घ्यायचा. चव बघणारे महाभाग मी पाहिलेत. कूलंट विषारी असतं.)

मात्र सगळंच तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसत असेल तर एक मिनिटही चालवू नकोस, आधी बदल. पाणी तळाला बसतं आणि या थंडीत तिथेच गोठतं. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी बर्फ अडकला तर तेल वर चढणार नाही, मग खरंच इंजिन जाईल. ब्रीदरची नळीही बघ, तीही गोठते.

---

प्रेषक: मंडळ, कार्यकारिणी

तिळगुळाची मागणी शुक्रवारपर्यंत कळवा. या विषयात "मला दोन पाकिटं" लिहिलेलं आम्ही धरणार नाही.

---

प्रेषक: डुलुथ

दादा, एक विचारते. शेडचं दार किती उघडं असतं? इंजिनाचं राहू दे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमच्याकडे दर हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजची अशी बातमी येते. चालवायचीच तर बाहेर ओढून.

आणि बॅटरीसाठी चालू करत असाल तर त्याचाही उपयोग नाही. स्टार्टरने जेवढं खाल्लं तेवढंही पाच मिनिटांत परत भरत नाही. आपल्या मशीनला शेजाऱ्यांच्या टू-स्ट्रोकसारखी ओढायची दोरी नाही, बॅटरी बसली की तळ्याच्या मधोमध आपणही बसायचं. मी बॅटरी काढून घरात मेंटेनरवर (हळूहळू चार्ज करत राहणाऱ्या चार्जरवर) ठेवते. सासूबाई तिला "तुझं बाळ" म्हणतात.

---

प्रेषक: सडबरीकर

दार अर्धं उघडं असायचं. कळलं, बंद केलं हे सगळं. कूलंटची रेघ दोन दिवस झाले जागेवर आहे, फेस फक्त वरवर आहे. पण काका, मग तेल कमी का दिसत होतं?

---

प्रेषक: थंडर बे

गार इंजिनात बघितलंस ना? तुझ्या मशीनला ड्राय सम्प आहे. तेलाची टाकी वेगळी. उभ्या उभ्या त्यातलं तेल हळूहळू खाली इंजिनात झिरपतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. तेल होतं तेवढंच होतं, तू वर भर घातलीस. आता जास्त झालेलं ब्रीदरवाटे एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात) गेलं असणार. उघडून बघ.

मापायची रीत मॅन्युअलमध्ये आहे: पूर्ण तापवायचं, थोडा वेळ आयडलवर ठेवायचं, बंद करून लगेच सपाट जागेवर बघायचं. आत्ता आधी जास्तीचं काढ, एअरबॉक्स पूस, मग तासभर नीट चालव. ताजा बर्फ असलेल्या ट्रेलवर, नुसत्या काचेसारख्या तळ्यावर नको. ट्रॅकने उडवलेला बर्फ टनेलखालच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या पत्र्याखालच्या, कूलरवर बसला नाही तर तापून उकळेल. परत आलास की गरम असतानाच तेल काढ, फिल्टरही बदल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल, बहुतेक सिंथेटिक 0डब्ल्यू-४० असेल. गाडीचं उरलेलं ओतू नकोस. तू ओतशील, म्हणून सांगतोय.

---

प्रेषक: सडबरीकर

काका, एअरबॉक्समध्ये वाटीभर तेल निघालं. वाटी घरातलीच घेतली होती, त्यावरून जे बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही.

शनिवारी साठेक किलोमीटर फिरलो. काढलेलं तेल काळं, फेस नाही. नवीन घातलं, रविवारी पुन्हा तेवढंच फिरून तापलेल्या इंजिनात मापलं, दोन रेघांच्या बरोबर मधे. कूलंट जिथल्या तिथे. दुकानाला नाही कळवलं.

गाडीचं उरलेलं तेल मी ओतणारच होतो, हे तुम्हाला कसं कळलं?