बालवाचक कट्ट्यावर 'अवकाश' विषय घ्यायचाय, पण पुस्तक मधोमध राहिलं पाहिजे. कसं करू?

पेठेतली_वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी बालवाचक कट्टा भरतो, पोरं दुसरी ते सातवीची, वीस-पंचवीस असतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी अवकाश हा विषय ठरलाय, पोरांनीच मागून घेतलाय, शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर राहून आले तेव्हापासून तिथं जेवतात कसं, झोपतात कसं हेच चाललंय त्यांचं. दीड तास मिळतो. प्रोजेक्टर नाही, एक मोठी खोली आणि पुढं अंगण.
नेटवर शोधलं तर सगळीकडं कागदाचं रॉकेट करा, ग्रह रंगवा, टोप्या करा एवढंच सापडतं. ते करायला पोरांना आवडतं पण मग वाचन कुठं राहिलं? मला जाताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिसायला पाहिजे. दुसरी गोष्ट, आमच्या कपाटातली अवकाशावरची मराठी पुस्तकं बरीच जुनी आहेत, काहींत अजून नऊ ग्रह आहेत. ती त्या दिवशी बाजूला ठेवू का? आणि दुसरीतलं बारकं पोर आणि सातवीतलं एकत्र कसं गुंतवायचं तेही सांगा.

कपाटाची_किल्ली
ताई, जुनी पुस्तकं अजिबात बाजूला ठेवू नका! तीच तुमची खरी मजा आहे. मी सार्वजनिक वाचनालयात काम करते, आमच्याकडं मी हेच करते. पोरांचे चार-पाच जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक जुनं आणि एक नवीन पुस्तक द्यायचं आणि फक्त एवढंच सांगायचं की दोन्हीत सूर्यमालेचं पान काढा आणि काय काय वेगळं आहे ते शोधा. पान काढायला अनुक्रमणिका बघावी लागते, ती कशी बघायची हे आपोआप शिकतात. मग कुणीतरी ओरडतंच, ह्याच्यात प्लूटो ग्रह आहे आणि ह्याच्यात नाही! तेव्हा सांगायचं की आता पहिली पानं उलटा आणि पुस्तक कधी छापलंय ते बघा. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ग्रह कशाला म्हणायचं ते ठरवलं आणि प्लूटो बटुग्रह झाला, म्हणजे त्याच्या आधीचं पुस्तक नऊच सांगणार. शनीच्या चंद्रांचंही तसंच, जुन्या पुस्तकात पंधरा-वीस, आणि आता मोजणी अडीचशेच्या वर गेलीय. पुस्तक खोटं बोलत नाही, त्याच्या छापण्याच्या वर्षापर्यंतचं सांगतं, हे दहा वर्षाच्या पोराला कळलं की ते पुढं प्रत्येक पुस्तकाचं वर्ष बघतंय बघा, मी बघितलंय.
बारक्यांचं म्हणाल तर प्रत्येक गटात एक मोठा वाचणारा आणि दोन बारकी, मोठ्या पोरानं मोठ्या आवाजात वाचायचं आणि बारक्यांनी चित्रावर बोट ठेवायचं. पुस्तकं कमी पडली तर 'प्रथम बुक्स' ह्या प्रकाशनाच्या स्टोरीवीवर वेबसाईटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, प्रिंट काढता येतात. बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंकही ऑनलाईन आहेत.

भूगोलाचे_सर
किल्लीवाल्या मावशींचं बरोबर आहे, फक्त पाऊण तासानंतर पोरं चुळबुळ करणार, तेव्हा अंगणात न्या. कोल्हापुरात फुटबॉल नाही असं घर आहे का, एक घ्या, तो सूर्य. आता पोरांना विचारा पृथ्वी केवढी? कुणी लिंबू म्हणंल कुणी चेंडू. खरं उत्तर मोहरीचा एक दाणा! चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा, मोहरीपासून सहा सेंटीमीटरवर. आणि ही मोहरी फुटबॉलपासून चोवीस मीटर लांब धरून उभं राहायचं, अंगणात मावत नसंल तर बोळात जावा. गुरू म्हणजे बारका आवळा, सव्वाशे मीटरवर. नेपच्यून सातशे मीटरच्या पुढं, म्हणजे पेठ ओलांडून जायला लागतंय. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ह्याच मापानं सहा हजार किलोमीटरच्या पलीकडं. हे ऐकल्यावर पोरं एकदम गप होतात. पुस्तकातल्या चित्रात ग्रह चिकटून चिकटून का काढलेत, तर पानात मावत नाहीत म्हणून, हे त्यांचं त्यांनाच सुचतंय. मोहरी हातात घेऊन परत खोलीत यायचं आणि तेच चित्र परत उघडायचं.

रंकाळ्याकाठी
सर नाद खुळा आयडिया! माझं एक सांगतो, स्पेस स्टेशनचं वाचून दाखवणार असाल तर तिथं गुरुत्वाकर्षण नसतं असं बऱ्याच गोष्टींत लिहिलेलं असतं, तेवढं सांभाळा. स्टेशन जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटर वर, म्हणजे इथनं मुंबई जेवढी लांब तेवढंच जवळपास, तिथं गुरुत्वाकर्षण इथल्या जवळपास नव्वद टक्के असतंय. माणसं तरंगतात कारण स्टेशन आणि आतली माणसं सगळेच एकसारखे पडत असतात, पण पुढं जायचा वेग इतका की पृथ्वीला चुकवून गोल फिरत राहतात, दीड तासात एक फेरी. पोरांना दाखवायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, टोपण काढून ठेवा, धार लागते. मग पायरीवर उभं राहून बाटली सोडून द्या, पडताना धार बंद! मोबाईलवर चांद्रयान उतरतानाचा व्हिडिओ पण दाखवा की, २३ ऑगस्ट २०२३ चा, पोरांना अंगावर काटा येतो.

कपाटाची_किल्ली
बाटलीचं छान आहे, करा. व्हिडिओला मात्र माझा विरोध आहे. एका मोबाईलभोवती पंचवीस पोरं जमली की निम्म्यांना दिसत नाही, आणि एकदा स्क्रीन उघडली की पुस्तकाकडं परत आणणं अवघड जातं. व्हिडिओ घरी बघतीलच ती. इथं रविवारी दीड तास पुस्तकाचा आहे तो पुस्तकालाच राहू दे.

महाद्वार_रोड
नोव्हेंबर म्हणताय आणि अजून कुणी अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव काढला नाही? ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तुमच्या रविवारच्या आसपासच. ह्यातल्या बऱ्याच पोरांनी गर्दीत आज्जीचा हात धरून तो बघितलेला असणार. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या पायापासून वर चढत जातात. मग विचारा, हे नोव्हेंबरात होतं आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीलाच का होतं? सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. २१-२२ डिसेंबरपर्यंत मावळतीची जागा दक्षिणेकडं सरकत जाते, तिथनं उलटी फिरते. नोव्हेंबरातले ते दिवस डिसेंबरच्या त्या टोकाच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी आणि जानेवारी-फेब्रुवारीतले तेवढेच दिवस नंतर, म्हणून जाताना आणि येताना सूर्य त्याच जागी मावळतो. कॅलेंडर देऊन पोरांनाच मोजायला लावा. ज्यांनी एवढं देऊळ बांधलं त्यांना आकाश किती नीट ठाऊक होतं!
आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८, हे सांगा. त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप अशा नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कुणी नंबर देऊ नये, आणि पहिला नंबर आला. त्यांची विज्ञानकथा वाचायला घेतलीत तर आधी हे सांगा. सातवीची पोरं पुस्तक घरी मागतील.

पेठेतली_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार, लई भारी सुचवलंत. आता असं ठरवलंय. सोमवारपासून वाचनालयात एक डबा ठेवते, पोरांनी अवकाशाबद्दलचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचे. रविवारी सुरुवातीला दहा मिनिटं नारळीकरांची एक गोष्ट अर्धीच वाचून थांबते, पुढचं ज्याला पाहिजे त्यानं पुस्तक न्यायचं. मग मावशींचे गट, जुनं आणि नवीन पुस्तक, त्यातच चिठ्ठ्यांची उत्तरं शोधायची आणि जी सापडणार नाहीत ती फळ्यावर तशीच लिहून ठेवायची, पुढच्या रविवारपर्यंत. नंतर बोळात फुटबॉल आणि मोहरी. बाटली वेळ उरला तर. व्हिडिओ नको, मलाही मावशींचं पटलं. किरणोत्सवाचं कॅलेंडर घरी मोजायला देते.
एकच विचारायचं राहिलं, संध्याकाळी आकाशात बघायला काही सांगता येईल का? दुर्बिण नाही कुणाकडं.

भूगोलाचे_सर
दुर्बिण लागत नाही. रात्री आठ-साडेआठला गच्चीवर जाऊन पूर्वेकडं बघायला सांगा, कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो, बारीक ताऱ्यांचा झुबका दिसतो. किती तारे मोजता आले तेवढाच आकडा वहीत लिहून आणायचा. नुसत्या डोळ्यांना बहुतेकांना सहा दिसतात, पेठेत दिव्यांच्या उजेडात कमी दिसतील, गावाकडं आजोळी गेलेल्याला जास्त. आकडे वेगवेगळे का आले ह्यावर पुढचा रविवार निघेल, आणि गच्चीला कठडा नसेल तर मोठं माणूस बरोबर पाहिजे हे पालकांना आधी सांगून ठेवा.