मोबाईलवर शार्प, झूम केलं की मऊ, असं का?

प्रश्न: फुल फ्रेम कॅमेरा (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर), ५० एमएम लेन्स, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस ५ मीटरवरच्या माणसावर. मागची झाडं ९ मीटरवर, मोबाईलवर क्लिअर दिसतात पण कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम केलं की पानांच्या कडा विरघळल्यासारख्या. फोटोग्राफीच्या अॅपमध्ये तर डेप्थ (म्हणजे शार्प दिसणारा पट्टा) ९.६ मीटरपर्यंत दाखवतंय!

उत्तर १: अॅप बरोबर आहे आणि तुमचे डोळेही. खरा फोकस एकाच अंतरावर असतो, त्याच्या पुढेमागे प्रत्येक बिंदू पसरून छोटा गोल होतो, आणि तो गोल डोळ्याला बिंदूच वाटतो तोवर आपण त्याला शार्प म्हणतो. अॅप सेन्सरवरचा हा गोल साधारण ०.०३ मिमीपर्यंत चालतो असं धरतं, तेही मध्यम प्रिंट हातभर अंतरावरून बघताय असं समजून. १०० टक्के झूम म्हणजे भिंतीएवढ्या प्रिंटला नाक लावून बघणं, मग गोल दिसणारच की.

प्रश्नकर्ता: मग छिद्र आणखी लहान करून पट्टा वाढवू, एफ/२२ करू?

उत्तर २: नको हो! एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) अख्खा फोटोच मऊ पडतो, फोकसमधला माणूससुद्धा. एफ/११ करा आणि फोकस जरासा मागे, ६ मीटरला घ्या, तरी चेहऱ्याचा शार्पनेस हातातून जात नाही.

उत्तर ३: लाइटपण बघा. तिरक्या उन्हात पानांच्या कडांना कॉन्ट्रास्ट मिळतो, तेच पान ढगाळ हवेत तितक्याच फोकसला मऊ वाटतं. आणि फायनल फोटो ज्या साइजला दाखवणार त्याच साइजला तपासा.