हॅकेथॉनसाठी गाणी सुचवणारं डेस्कटॉप अॅप : ‘एपीआय जोडली की झालं’ म्हणे!

विश्रामबागकर
आपल्या सांगलीच्या आयटीवाल्यांत काल एक पोस्ट फिरत होती. “कंपनीच्या २४ तासांच्या हॅकेथॉनला (एका दमात अॅप बनवायची स्पर्धा) सोपा विषय : इलेक्ट्रॉन (वेबपेजचं डेस्कटॉप अॅप करणारं साधन) घ्या, स्पॉटिफायची रेकमेंडेशन एपीआय (गाणी सुचवणारी तयार ऑनलाइन सेवा) जोडा, वर चकाचक स्क्रीन. संध्याकाळी भडंग खायला मोकळे.”

ही एपीआय शेवटची कधी उघडली होती हो? २७ नोव्हेंबर २०२४ पासून नव्या अॅपना रेकमेंडेशन, सारखे कलाकार, ऑडिओ फीचर्स, ३० सेकंदांचे प्रीव्ह्यू, सगळं बंद आहे. वापराची किल्ली (की) मिळते, लॉगिन होतं, आणि जे दाखवायचं नेमकं तिथेच नकारघंटा. लॉगिननंतर परत यायच्या पत्त्यात (रिडायरेक्ट) ‘लोकलहोस्ट’ही आता चालत नाही, १२७.०.०.१ लिहावं लागतं.

त्यापेक्षा मशीनवरची गाणी घ्या. क्रोमाप्रिंट या साधनाने गाण्याचा ध्वनिठसा काढा (मूळ सेटिंगवर तो पहिल्या १२० सेकंदांवरच काढतो), अॅकॉस्टआयडी या ठशांच्या यादीवरून म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या खुल्या कोशातला नंबर मिळवा. लिब्रोसा या पायथन लायब्ररीने २० एमएफसीसी (आवाजाचा पोत सांगणारे आकडे) काढून प्रत्येकाची सरासरी आणि विचलन ठेवा, म्हणजे गाण्यामागे ४० आकडे. प्रत्येक रकाना एका मापात आणायला विसरू नका. पहिला आकडा आवाजाच्या मोठेपणाचा असतो, तो बाकी ३९ जणांच्या डोक्यावर बसतो आणि अॅप फक्त ‘मोठ्याने वाजणारी गाणी’ सुचवतं.

डेमो_आधी
साहेब, परीक्षक पाच मिनिटं बघतात. लास्टएफएम या संगीत-साइटला सारखे कलाकार एका कॉलमध्ये मिळतात, विषय संपला. आणि तुमचं म्युझिकब्रेन्झ एका आयपीला सेकंदाला एकच विनंती देतं. अख्खं ऑफिस एका राउटरमागे. सहा टीम एकदम सुटल्या की सगळ्यांना ५०३ (सर्व्हरचा नकार). तुम्ही एकटे बसलात तरी २,००० गाण्यांना ३३ मिनिटं.
फाइल जड होते म्हणून इलेक्ट्रॉनला नावं ठेवणाऱ्यांनी टॉरी हा त्याचा हलका पर्याय घेऊन बघावं. फाइल लहान होते खरी, पण लिनक्सवर पान दाखवायला वेबकिटजीटीके येतं आणि आवाज वाजवणाऱ्या जीस्ट्रीमरचे प्लगिन नसले की एमपी३ मुकं. डेमोच्या टेबलावर कळतं ते.

विश्रामबागकर
राउटरचा मुद्दा मान्य. डेमोपुरती ३०० गाणी घ्या, पाच मिनिटांत होतात. उत्तर आलं की लगेच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाका, दुसऱ्यांदा विचारू नका. विनंतीच्या यूजर-एजंट या ओळखीच्या ओळीत अॅपचं नाव आणि संपर्क लिहा.

तंबोरा_मिरज
पहिली १२० सेकंदं ओळख पटवायला ठीक. आकडेही तिथूनच काढाल तर ख्यालात काय हाती लागणार? तंबोरा आणि आलापाची सुरुवात. मधली ६० सेकंदं घ्या. अर्ध्या तासाचा ख्याल अख्खा लोड केलात तर २२,०५० सॅम्पल दराने, एकच चॅनल, तरी १५९ एमबी रॅम. चार प्रोसेस लावल्या की लॅपटॉप पंख्यासकट रडतो.
आणि एमएफसीसीने आवाजाची जात कळते, राग नाही. त्याला क्रोमाचे (कोणता स्वर किती वाजतो याचे) १२ खाने लागतात, तेही आधी सा शोधून फिरवलेले. बुवा काळी एक पट्टीत यमन गातात, बाई पांढरी पाचमध्ये. मधे सहा अर्धस्वरांचं अंतर. न फिरवता तुलना केलीत तर एकच यमन दोन टोकांना.

डेमो_आधी
इथे अॅपचं चाललंय, दर्ग्याच्या उरुसातल्या मैफिलीचं नाही. सा शोधायला तयार कोड आहे, लावला की झालं.

तंबोरा_मिरज
लाव की लगा. तो कोड सा–प अशी जोडी हुडकतो. मालकंसात पंचमच नाही, तंबोरा मध्यमावर लावलेला. म ते वरचा सा हे अंतरही तेवढंच, म्हणून तो बिनधास्त मध्यमाला सा म्हणतो. लयीचंही तेच. बीट ट्रॅकर (ठोके मोजणारा कोड) मिनिटाला १२० च्या आसपास धरून चालतो. अतिविलंबित एकतालात मात्राच चार-पाच सेकंदांची. तो तबल्याचा भरणा मोजतो आणि बडा ख्याल लावणीशेजारी बसवतो. सतार-तंबोऱ्याच्या गावाशेजारी बसून हे विकणार?

डेमो_आधी
विकतंय कोण? हॅकेथॉन आहे, संगीत विशारदची परीक्षा नाही. जरा आवाज खाली.

कंदी_पेढा
साताऱ्याहून माझंही गाऱ्हाणं. सा मिळेल हो, आधी नाव मिळू दे. फाइलमधल्या गाण्याच्या माहितीच्या जुन्या आयडी३ टॅगमध्ये शीर्षकाला ३० बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, म्हणजे मात्रा धरून दहाच. त्यात एसक्यूलाइटचं एफटीएस५ हे शोधयंत्र मूळ सेटिंगवर काना-मात्रेला शब्द तोडतं. ‘देस’चे होतात ‘द’ आणि ‘स’. राग देस शोधा, ‘दास’, ‘दासी’, ‘दिस’ सगळे हजर. टेबल बनवतानाच शब्द तोडणाऱ्या युनिकोड६१ च्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी (काना-मात्रांचे गट) घाला. नंतर आठवलं तर सगळं इंडेक्स पुन्हा.

विश्रामबागकर
हे आधी का नाही सांगितलंत!

डेमो_आधी
बरं बाबा, हरलो. सा आपोआप नको, स्लायडर ठेवतो. १२ घरं, काळी एक, पांढरी दोन अशी नावं. ऐकणाऱ्याने हाताने लावावा. झालं समाधान, बुवा?

तंबोरा_मिरज
अर्धं. बारा घरं पुरणार नाहीत. मिनिटाला ८० फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी कोणी ७८ ने वाजवून एमपी३ केली असेल तर सूर ४४ सेंट (एका घराचे शंभर) खाली, म्हणजे जवळजवळ दोन घरांच्या मधोमध. दहा-दहा सेंटची पायरी ठेव.