जुनी बोलेरो दीड इंच उचलली. माझं मत मांडतो, पटत नसेल तर सांगा

कासपलीकडचा
मी साताऱ्यात राहतो. शेत आणि जुनं घर कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना लागणाऱ्या एका वाडीत. डांबरी सोडली की सव्वा किलोमीटर कच्ची वाट. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल, की मधला वरंबा गाडीच्या पोटाला लागतो. गेल्या श्रावणात इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याला, खालून दोनदा दणका बसला. दुसऱ्या वेळी ऑइल गळायला लागलं. अंधार, पाऊस, रेंज नाही आणि गाडीत आजारी वडील. त्या रात्रीनंतर मी ठरवलं.

गाडी बारा वर्षांची. कंपनीच्या कागदावर जमिनीपासून उंची १८० मिमी. पण बारा वर्षं पोती वाहिल्यावर ती उरते कुठे? चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. (मडगार्डपासून जमिनीपर्यंत मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात येते.) मागची डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिमी खाली बसली होती. म्हणून आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे (एकावर एक लोखंडी पट्ट्या) उतरवून त्यांना पुन्हा कमान काढून घेतली, एक पाटा वाढवला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले. पुढे स्प्रिंगखाली १५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड चकती. स्प्रिंग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे चाकाशी फरक जवळजवळ दुप्पट पडतो. मग अलाइनमेंट. पुढच्या जोडी शॉकअपसकट सगळा खर्च साडेचौदा हजार.

माझं म्हणणं एवढंच: अशा वाटेवर रोजचं जाणं-येणं असेल, नवी गाडी परवडत नसेल, तर मोजून-मापून इंच-दीड इंच उचलणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

कराडचा फिटर
दादा, काम नीट क्रमाने केलंत, पण एक गोष्ट अर्धीच सांगितलीत. पाटे वाढवून वर जाते ती बॉडी, चासी आणि इंजिनाचा चेंबर. मागचा गोळा (डिफरन्शियल, चाकांना ताकद वाटणारा) जागचा हलत नाही, कारण तो अॅक्सलवर आहे आणि अॅक्सल चाकांवर. मागचा गोळा दगडाला लागत असेल, तर त्याला उपाय फक्त मोठा टायर. हिशोब करा. तुमचा २१५/७५ आर १५ आहे, त्याची त्रिज्या साधारण ३५२ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर ३६७. म्हणजे गोळा १५ मिमी वर. त्याची किंमत अशी, की मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल, आणि घाटात गिअर जड पडेल.

आता खरी काळजी. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी उचलून ती दांडी नव्या उंचीप्रमाणे न लावलेली माणसं मी पाहिली आहेत. रिकाम्या गाडीत कळत नाही. सहा माणसं आणि पोती घेऊन घाट उतरताना कळतं. तुम्ही बघितलंय का?

वाईची लेक
मी पूर्ण विरोधात आहे, आणि ब्रेकच्याही आधी मला दुसरं सांगायचंय. माझी सासू ७८ वर्षांची. साध्या बोलेरोत चढताना तिला आधी एक पाय पायरीवर, मग दोघांचा आधार लागतो. त्यात दीड इंच वाढवलं म्हणजे तिने घरीच बसायचं. दादा, तुमचे वडील आजारी आहेत ना, मग ते कसे चढतात?

दुसरं, कलंडण्याचं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर धरा. तो साडेतीन सेंटिमीटर वर गेला, तर गाडी कलंडायची मर्यादा जवळपास ५ टक्क्यांनी खाली येते. आकडा लहान वाटतो, पण खंबाटकीच्या उतरणीच्या वळणावर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर आडव्या वाऱ्यात, टपावर सामान असताना, तेवढाच पुरतो.

कासपलीकडचा
ताई, वडिलांचा प्रश्न रास्त आहे. मी खालून जास्तीची एक पायरी वेल्ड करून घेतली, तरी त्यांना त्रास होतो हे खरं. टपावर सामान ठेवणं बंद केलं आहे. आणि वेग? आमच्या वाटेवर वीसच्या वर जाताच येत नाही, पण महामार्गावर मी आता ऐंशीला थांबतो.

फिटरभाऊ, दांडी बघितली नव्हती. प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीतच नव्हतं.

मुरूम-माती
साडेचौदा हजारात वाटेवर मुरमाच्या किती ट्रॉल्या पडल्या असत्या? गाडी एकट्याची, वाट सगळ्या वाडीची. वरंबा फोडून चाकोऱ्या भरल्या, कडेने पाण्याला चर काढला, तर शाळेची पोरं, दुधाची मोटारसायकल, बाळंतीण, सगळ्यांची सोय. माझ्या मते गाडी उचलणं म्हणजे गावाचा प्रश्न स्वतःपुरता सोडवणं.

कासपलीकडचा
हे मनाला लागलं, म्हणून उत्तर देतो. दोन वर्षांमागे आम्ही सात घरांनी वर्गणी काढून मुरूम टाकला होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अर्धा ओढ्यात गेला, कारण चर काढलाच नव्हता. चराचं तुमचं बरोबर आहे. यंदा मे महिन्यात आधी चर, मग मुरूम, असं बोलणं झालंय. पण तोवरचा पावसाळा मला काढायचा होता.

सांगलीची डस्टर
ज्यांना हे वाचून स्वतःची गाडी उचलावीशी वाटेल, त्यांच्यासाठी. बोलेरोला ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून पुढे उचलून निभावलं. माझ्या गाडीला पुढच्या चाकांना जाते. मी शॉकअपच्या डोक्यावर ३० मिमीचे स्पेसर टाकले. बाहेर पडणारे एक्सल त्यामुळे जास्त तिरके झाले, आणि आठ महिन्यांत डाव्या बाजूच्या एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला. ग्रीस बाहेर, धूळ आत, मग वळताना कटकट आवाज. गॅरेजवाल्याने आधी काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी स्पेसर काढून टाकले. दहा हजार गेले ते गेले.

जुन्या थारवाल्यांनाही सांगतो. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे, बोल्ट आवळला की गाडी फुकटात वर येते, म्हणून पुष्कळजण आवळतात. पण मग चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात वरून ठोका बसतो.

नियमाने चाला
तांत्रिक बाजू झाली, कायद्याची राहिली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सैल निकाल फिरवून हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने स्पेसर पाहिला, तर दावा अडू शकतो. समोरच्या जखमी माणसाचा विचार करा.

कराडचा फिटर
त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. बसलेल्या पाट्यांना कमान काढणं ही माझ्या लेखी दुरुस्ती आहे. वाढवलेला पाटा आणि स्पेसर, यावर मात्र तुमच्याशी वाद घालणार नाही.

नियमाने चाला
मग मार्ग दिसतोय. दुरुस्ती ठेवा, भर काढा.

कासपलीकडचा
काल पुन्हा टेप लावली. नुसती कमान काढल्यामुळे मागे २२ मिमी परत मिळाले होते, वाढीव पाट्याने १६. पाटा काढला आणि चेंबरखाली तीन मिमी पत्र्याचा गार्ड बसवला, तर आमच्या वाटेला पुरेल असं वाटतंय. पुढचा स्पेसरही मग ठेवायचं कारण उरत नाही, नाहीतर गाडी मागे बसल्यासारखी दिसेल आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जाईल. वडिलांनाही चढायला बरं. शॉकअप नवे आहेत, ते राहू देत.

फिटरभाऊ, रविवारी कराडला येतो. ब्रेकच्या दांडीचं आधी बघू, पाट्याचं नंतर.

कराडचा फिटर
या. गाडीत चार पोती भरूनच आणा, रिकाम्या गाडीवर ती दांडी लावून उपयोग नाही.