सणासाठी मुलांसोबत केलेली लगद्याची टोपी : अनुभव सांगा

तान्हा पोळा, गोकुळाष्टमी, नाताळ, कार्निव्हल. सण कुठलाही असो, आदल्या दिवशी रात्री "आई, उद्या डोक्यावर काहीतरी पाहिजे" हे ऐकू येतंच. बाजारचा मुकुट चमकतो छान, पण संध्याकाळपर्यंत त्याचं इलॅस्टिक तुटतं. ज्यांनी रद्दी भिजवून टोपी, मुकुट, शिंगं असलं काही मुलांना हाताशी घेऊन केलंय, त्यांनी इथे लिहा. खळ कशाची, साचा कशाचा, वाळवलं कसं, हे सांगा. मुलांची कल्पकता वाढते वगैरे वगळलं तरी चालेल, ते सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात मीच करते. गोकुळाष्टमीचा मुकुट आम्ही उपड्या पातेल्यावर केला. पातेल्याला तेलाचा हात, त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे चिकटत नाही. पुढचे थर मैद्याच्या खळीचे. पट्ट्या फाडताना लेकीच्या लक्षात आलं की वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते आणि आडवं फाडलं की वाट्टेल तसं फाटतं. कागद यंत्रावर बनताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात, म्हणून. मग तिने कात्री हातात घेतलीच नाही. ते बरंच झालं, कारण फाडलेली कड खळीत विरघळल्यासारखी बसते, कापलेली कड रंगाखालूनही दिसते. एक थर साध्या पानांचा आणि पुढचा रंगीत पुरवणीचा घेतला, की कुठे जागा सुटली ते मुलांनाही कळतं.

नागपूरकर बाबा
तान्ह्या पोळ्याला मुलांनी मिरवायचा लाकडी बैल होताच, पण आमच्या पोट्ट्याला स्वतःच बैल व्हायचं होतं! टोपी फुग्यावर केली. शिंगं म्हणजे पुठ्ठ्याचे पोकळ शंकू, बुडाला चिरा देऊन पाकळ्या बाहेर वळवल्या आणि पट्ट्यांनी टोपीवर बसवले. कपाळावर बेगडीचं बाशिंग. अडचण एकच. पोळा श्रावणी अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळा. टोपी काही केल्या वाळून नाही राहिली. शेवटी कूलर पाण्याशिवाय चालवून त्याच्यापुढे टांगली. बाहेरून खडखडीत झाली तरी आत बोट लावलं की गार लागे. गार लागतं तोवर ओल आहे असं समजा आणि रंगाचा डबा उघडू नका, नाहीतर आतून बुरशी धरते. बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणारे पैसे, मात्र त्या वर्षी दणकून मिळाला. लोक बैलाला सोडून पोट्ट्याच्याच हातावर पैसे ठेवत होते.

फुगेवाली मावशी
फुगा उन्हात ठेवू नका. उन्हाने फुगतो, रात्री आकसतो, आणि ओल्या थराला सुरकुत्या पडतात. सावलीत, पंख्याखाली. बास.

डोंबिवलीची आजी
तुम्ही सगळे पट्ट्या लावता, त्याला मी लगदा म्हणणार नाही. आमच्याकडे रद्दी पाण्यात कुजत ठेवायची, मेथ्या भिजवायच्या, दोन्ही पाट्यावर गंधासारखं वाटायचं आणि उपड्या हंड्यावर थापून टोपल्या करायच्या. मेथीने चिकटपणा येतो आणि कीडही लांब राहते. नातवाची नाताळची टोपी तशीच केली, फक्त पाट्याऐवजी मिक्सर. (सुनेने त्यासाठी जुनं भांडं दिलं, नवीन नाही.) लगदा वाळताना आवळतो, म्हणून डोक्याच्या मापापेक्षा बोटभर सैल थापा आणि किंचित ओल असतानाच साच्यावरून सोडवा, नाहीतर तडकतो. आणखी एक, पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलांचे हात त्यात असतील तर अजिबात नको, ते विष आहे. वास म्हणाल तर येतो. नातू म्हणाला, सांताक्लॉज मेथीची भाजी खाऊन आलाय.

मडगावकर
आमच्या वाड्यावर लगदा म्हटला की नरकासुराचा पुतळा. मोठी मुलं मातीच्या साच्यावर तोंड करतात, धाकटी कागद फाडून देतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळं जाळून मोकळी. इतकी मेहनत जाळायची, याचं लहानांना वाईट वाटतं. म्हणून आम्ही कार्निव्हलसाठी त्यांच्याकडून टोप्या करून घेतो. त्या जाळायच्या नसतात आणि दिवसही कोरडे असतात. राख बुधवारच्या (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) आधी शनिवार ते मंगळवार हा धुमाकूळ. कार्निव्हलचा राजा किंग मोमो, त्याचा मुकुट सगळ्यांनाच हवा असतो, मग एका वाड्यात पाच-सहा मोमो फिरतात.

जव्हारचे गुरुजी
आमच्या भागात बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे लगद्याचे असतात, पूर्वी लाकडाचे असत. शाळेत मुलांना तेच करायचे होते. मी देवांची सोंगं टाळली. सोंगाला मान असतो, तो घराघरांत ठरलेला, त्याची हस्तकला करून वर्गात लटकवणं मला बरं वाटेना. त्याऐवजी संबळ वाजवणाऱ्यासाठी टोप केले. यातल्या काही मुलांनी घरी मुखवटे होताना पाहिलेले, त्यामुळे खळ किती पातळ हवी हे मी त्यांनाच विचारत होतो. एकाने बोट बुडवून वर धरलं आणि सांगितलं, "धार तुटली पायजे, थेंब नको." मापाच्या चमच्यापेक्षा हे चांगलं.

न्यू जर्सीची आई
२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरला आले. सकाळी उटणं, संध्याकाळी चेटकिणीची टोपी. पुठ्ठ्याचा शंकू आणि काठ, वरून पट्ट्या. काठ लवतो, तेव्हा वाळेपर्यंत खाली वाट्या ठेवा. घरात हीटर सुरू असल्याने हवा कोरडी, रात्रीत वाळली. नागपूरकरांना हेवा वाटेल.

नागपूरकर बाबा
वाटला. आजी, मेथी किती घ्यायची हो?

डोंबिवलीची आजी
पिळलेल्या लगद्याच्या चार मुठींना एक मूठ भिजलेली मेथी. कमी पडली तर थापताना कळतंच, लगदा हंड्यावरून घसरतो.