गॅस ग्रिलच्या बिडाच्या जाळ्या: गंज, काळे पापुद्रे आणि चिकट तेल

अंगणवाला_शिकागो:
तीन बर्नरचा प्रोपेन ग्रिल आहे, जाळ्या बिडाच्या. हिवाळाभर कव्हर घालून बाहेरच होता. आता कडांना गंज चढलाय, मधल्या पट्ट्यांवरून काळे पापुद्रे सुटतायत आणि वरून लावून ठेवलेलं तेल जागोजागी चिकट झालंय. पनीर टिक्का, चिकन, मासे, कणसं एवढंच होतं त्यावर. जाळ्या बदलाव्यात की सुधारतील? तारेचा ब्रश आणि साबण चालतो का?

काळं_बीड:
बदलू नका. बीड तडकलं नसेल तर वरवरच्या गंजाने जाळी वाया जात नाही.

आधी जाळी नुसत्या बिडाची आहे की वर इनॅमलचा मुलामा आहे ते ठरवा. चुंबक लावून कळत नाही, दोन्हींना चिकटतं. घासून स्वच्छ केलेल्या जागी काचेसारखी चकाकी आणि एखादा उडालेला टवका दिसला तर इनॅमल. खरखरीत, राखाडी-काळं आणि चकाकी अजिबात नाही, तर बहुधा नुसतं बीड. मॅट इनॅमलही येतं, म्हणून मॅन्युअल पाहून खात्री करा.

नुसतं बीड असेल तर: ग्रिल झाकण लावून पूर्ण आचेवर १५ मिनिटं तापवा. त्याआधी खालचा तेलाचा ट्रे रिकामा करा, नाहीतर साचलेली चरबीच पेट घेईल. पेटलीच तर गॅस बंद, झाकण बंद. पाणी मुळीच नाही. जाळी थोडी निवली की खरवडा. काळे पापुद्रे म्हणजे करपलेली चरबी आणि मसाला, ते निघालेच पाहिजेत. पूर्ण थंड झाल्यावर भांड्यांचा साबण आणि घासणी खुशाल वापरा. भाजून पक्का झालेला तेलाचा थर आजच्या साध्या साबणाने उतरत नाही. तापलेल्या जाळीवर गार पाणी मात्र ओतू नका, बीड ठिसूळ असतं, तडकतं.

गंज स्टील वूलने जातो. नाहीच गेला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, त्यात जाळी बुडवून दर अर्ध्या तासाने बघायची. रात्रभर ठेवायची नाही; गंज संपला की आम्ल बीडच खायला लागतं. धुऊन लगेच ग्रिलवर मंद आचेवर कोरडी करा. ओल राहिली तर बघता बघता पुन्हा तांबूस होते.

घावन_गुरू:
तेलाचं मी सांगते. ते चिकट झालं कारण जास्त लागलं आणि पुरतं तापलं नाही. तेलाचा पातळ थर उष्णतेने कडक होऊन बिडाला धरतो, जाड थर मात्र वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. आंबोळीचा बिडाचा तवा तयार करताना जो नियम, तोच इथे.

कनोला किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल चमचाभर घ्या, सगळीकडे चोळा, मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू चुकून लागलं होतं. ओव्हनमध्ये जाळी उपडी ठेवून ४५० अंश फॅरनहाइटला एक तास, नंतर आतच निवू द्या. हे तीन वेळा. जवसाच्या तेलाचं कौतुक नेटवर बरंच वाचाल. त्याचा थर कडक होतो, पण ग्रिलच्या चढउताराच्या आचेत पुष्कळदा पापुद्र्यांनी सुटतो. मी ते सुचवणार नाही.

ओव्हनचं सेल्फ-क्लीन चक्र (प्रचंड तापून आतली घाण जाळणारं) वापरू नका. तेवढ्या उष्णतेत जुना थर जळतोच, बीड वाकायची किंवा तडकायचीही भीती.

चिमटा_आणि_धूर:
तारेच्या ब्रशबद्दल माझं उत्तर सरळसरळ ‘नाही’ असंच आहे. तार तुटून जाळीला चिकटते, तिथून अन्नात, तिथून घशात किंवा आतड्यात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ऱ्होड आयलंडमधल्या अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पुरतो. तार वापरलीच असेल तर ओल्या फडक्याने जाळी पुसल्याशिवाय काही ठेवू नका.

मुलामा असेल तर धातूची खरवडणी, स्टील वूल, व्हिनेगरची आंघोळ, सगळं बाद. नायलॉनची घासणी आणि कोमट साबणपाणी. टवका उडालेल्या जागी तेवढं तेलाचं बोट फिरवायचं. टवके खूप असतील आणि कडा सुटत असतील तरच नवी जाळी घ्या. इनॅमलची कपची पोटात जाऊन उपयोग नाही.

काळं_बीड:
बरोबर. शिजवून झाल्यावर चरबी तशीच ठेवायची, ती जाळीचं रक्षण करते, असंही म्हणणारे भेटतील. दह्यामिठाच्या मॅरिनेडला ते लागू नाही. मीठ ओल ओढतं, दह्या-लिंबाचं आम्ल तेलाचा थर पातळ करतं. तसं काही भाजलं असेल तर त्याच दिवशी दहा मिनिटं जाळा, खरवडा, जाळी कोमट असतानाच तेलाचं फडकं फिरवा.

अंगणवाला_शिकागो:
पाहिलं, नुसतं बीडच आहे. एक राहिलं: पनीर आणि पापलेट दरवेळी चिकटतं. भाजताना वरून तेलाचा स्प्रे मारला तर?

घावन_गुरू:
पेटलेल्या ग्रिलवर स्प्रे अजिबात नको, ज्वाला डब्याच्या दिशेने येऊ शकते. तेल पदार्थाला लावा. जादा मॅरिनेड निथळू द्या, जाळी झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं तापवा आणि ठेवल्यावर लगेच उलटायला जाऊ नका. खालची बाजू खमंग झाली की तुकडा आपणहून सुटतो. तुमच्या जाळीच्या पट्ट्या एका बाजूने रुंद असतील तर माशासाठी ती बाजू वर ठेवा.

चिमटा_आणि_धूर:
हिवाळ्यात जाळ्या घरात ठेवा, बारीक तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून. ग्रिल गरम किंवा ओला असताना कव्हर घालायचं नाही, आत वाफ कोंडून गंज तिथूनच सुरू होतो. आणि जाळ्या काढल्याच आहेत तर बर्नरची भोकं आणि गॅस येणारी नळी बघून घ्या. त्यात कोळी जाळं करतात. ज्योत निळीऐवजी पिवळी, आळशी दिसली तर बहुतेक वेळा तेच कारण. सिलिंडर पुन्हा जोडल्यावर जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका.